मांडणी वाजेपर्यंत

ट्रक इमारतीखाली थांबला न थांबला तोच साईनाथने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. उभ्या गाडीत डिझेल जळालेलं त्याला बघवायचंच नाही. सिग्नलला लोक मोबाइल बघतात, हा गाडी बंद करून बसायचा. मागचे हॉर्न मारून मारून कंटाळायचे.

ट्रक लीजवर घेतलेला. हप्ता मालकाला, डिझेल स्वतःचं. दोन्ही भागवून हातात काही राहायचं नाही. पण महिनाभर ॲव्हरेज लिटरला पाच किलोमीटरच्या वर ठेवलं तर मालक हप्त्यात सूट द्यायचा, आणि घरी नेण्यासारखी कमाई म्हणजे ती सूटच. या महिन्याची सूट लेकीच्या, कृतिकाच्या क्लासला जायची होती. आज महिनाअखेर, आणि ॲव्हरेज अगदी काठावर. कोलशेतहून ड्रम भरून तो इतक्या हळू आला होता, की रिक्षावालेसुद्धा त्याच्याकडे वळून बघत पुढे गेले.

डबा घ्यायला तो पहिल्या मजल्यावर आला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. डोंबिवलीतली ही जुनी इमारत पाडायला निघाली होती, उद्या बिऱ्हाड खडवलीला भाड्याच्या घरात जाणार होतं. त्याची आई, आवडाबाई, भिंतीवरच्या मांडणीतली भांडी पोत्यात भरत होती.

"आलास कधी? आवाज नाही की काही नाही. चोरासारखा येतोस बघ."

"नवीन इंजिन आहे गं. आणि मी लगेच बंद करतो ना."

"तुझ्या बाबांची गाडी खाली उभी राहिली की ही सगळी मांडणी वाजायची. मग मी तवा ठेवायचे."

साईनाथला ते पक्कं आठवत होतं. तो वाटीला बोट लावून बघायचा, बोटाला मुंग्या यायच्या. आई गॅलरीत येईपर्यंत बाबा इंजिन बंद करायचे नाहीत. ती वरून ओरडायची, "बंद करा ते! डिझेल काय फुकट येतं?" मग बाबा खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि कानामागे हात धरायचे, काही ऐकू येत नसल्यासारखे. अर्थात तेव्हा गाडीही मालकाची होती आणि डिझेलही. पण बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घर म्हटलं की साईनाथला आधी तो भांड्यांचा आवाजच आठवायचा.

"एकदा ठेव ना रे तशी चालू," आई म्हणाली. "उद्यापासून ही भिंत आपली नाही."

"आई, आज शेवटची तारीख आहे. उभ्या उभ्या डिझेल जाळलं तर ॲव्हरेज पडेल. मग कृतिकाची फी कुठून भरू?"

"हो रे, खरंच. मी आपली उगाच." तिने त्याच्या हातात डबा दिला आणि बाबांचं फुलपात्र पोत्यात टाकलं.

ती भांडली असती तर तो निवांत निघून गेला असता. ती भांडली नाही, म्हणून जिना उतरताना तो दोनदा मागे वळला.

खाली येऊन त्याने गाडी चालू केली. क्लच दाबला, गिअरला हात घातला. मग हात काढून घेतला, क्लचही सोडला आणि तसाच बसून राहिला. वरची गॅलरी रिकामी होती.

बऱ्याच वेळाने आई बाहेर आली. "काय रे? बिघडली का?"

"नाही. मांडणी बघ!"

ती या वयात धावत आत गेली. पोतं उपडं केल्याचा मोठा खणखणाट खालपर्यंत ऐकू आला. ती भांडी परत वर मांडत होती.

इकडे गाडीवर नजर ठेवणाऱ्या मालकाच्या ॲपमुळे मोबाइल बोंबलायला लागला. गाडी उभी, इंजिन चालू. साईनाथने तो पालथा करून ठेवला.

"नाही रे वाजत!" आई गॅलरीतून ओरडली. "दमच नाही तुझ्या गाडीत!"

साईनाथने कधी नव्हे तो उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला. मग आणखी दाबला. समोरचा मेडिकलवाला बाहेर येऊन बघू लागला. ॲव्हरेज गेलंच होतं. फीचं काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि पाय काही उचलवत नव्हता.

"वाजली! साई, फुलपात्र वाजलं रे! आता वाट्या पण!"

आई कठड्याला धरून उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि पूर्वीसारखीच जोरात ओरडली, "बंद कर ते आता! डिझेल काय फुकट येतं?"

साईनाथने खिडकीतून मान बाहेर काढली आणि कानामागे हात धरला.