लाल बटण

शहराच्या लष्कर भागातल्या एका छापखान्यात खंडेनवमीची पूजा होऊन तासही झाला नव्हता. “आज मशीनला हात लावायचा नाही,” असं उषाताईंनी लेकाला बजावलं होतं. पण “आई, बस दो मिनट! लग्नपत्रिका अडल्यात,” म्हणत हेमेंद्रनं ते चालू केलंच. वाकून बघताना त्याच्या गळ्यातलं पूजेचं उपरणं रोलरमध्ये गेलं आणि मशीन त्याला आत ओढू लागलं. त्याची बायको स्मृती धावली. तिनं दोन्ही हातांनी उपरणं गच्च धरलं; सोडलं असतं तर फास बसला असता. “आई, बटण दाबा!” ती ओरडली, पण उषाताई प्रसादाचं ताट घेऊन थिजल्या होत्या. लाल बटण खाली गुडघ्याशी होतं, हळदकुंकवानं माखलेलं. स्मृतीनं डोळे मिटून लाथ मारली. मशीन थांबलं. हेमेंद्र मोकळा झाला. ती मशीनपुढे नमस्काराला वाकली, तोवर उषाताईंनी तिच्याच पावलाला कुंकू लावलं.