कॉम्प्युटरची खोली

"किल्ली मिळणार नाही," मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई मान वर न करता म्हणाल्या.

आम्रपाली टेबलासमोर उभीच होती. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मॅडम, सातवीचा आज कॉम्प्युटरचा तास आहे. मी फळ्यावर कीबोर्ड काढते आणि मुलं हवेत बोटं नाचवतात. त्यांना हसू येतं. मला लाज वाटते."

"चित्रकला चांगली दिसते तुमची. चालू द्या."

"वर खोलीभर कॉम्प्युटर आहेत. एका कंपनीने या मुलांसाठी दिलेले!"

"आहेत ना? मग राहू देत. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर का? आत्ता काय अडचण आहे?"

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला इथे कोणी आणलं, ते मला ठाऊक आहे. जास्त बोलायला लावू नका."

आम्रपालीचे कान तापले. तुम्ही कुठून आलात, कशा आलात, हे तिला कॉलेजपासून ऐकवलं गेलं होतं. कधी हसून, कधी असं चष्मा काढून.

कसबा पेठेतल्या त्या शाळेत आजूबाजूच्या गल्ल्यांमधली मुलं यायची. कुणाचे वडील तांब्याची भांडी ठोकायचे, कुणाची आई चार घरी स्वयंपाक करायची. घरात एकच मोबाइल, तोही वडिलांच्या खिशात. ही मुलं उद्या कॉलेजात जाऊन काय करणार, ते आम्रपालीला नेमकं माहीत होतं. पहिल्या वर्षी तिला स्वतःला कॉम्प्युटर बंद करता येत नव्हता. तिने सरळ वायर उपटली होती आणि अख्खी लॅब हसली होती.

मधल्या सुट्टीत तिने संस्थेच्या सचिवांना, वैजनाथरावांना फोन लावला. तिची नेमणूक त्यांनीच केली होती. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही स्वतः पाहिलेत कॉम्प्युटर?"

"खिडकीच्या फटीतून. रांगेने मांडलेत, सर."

"बाई मला काही वेगळंच सांगतात," ते म्हणाले. "बरं झालं फोन केलात. आमच्या कमिटीची मुदत दिवाळीला संपते. त्याआधी याचा निकाल लावू. उद्या सकाळी येतो."

ते खरंच आले. बातमी वर्गात पोचली होती. सातवीची मुलं जिन्यात दाटीवाटीने उभी राहिली.

मंदाकिनीबाई खोलीच्या दारात आडव्या उभ्या होत्या. वैजनाथरावांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आम्रपाली, मुलांना खाली घेऊन जा. मी हात जोडते."

"आता हात जोडता? काल मला बसा म्हणायलासुद्धा तुमची जीभ रेटली नाही!" आम्रपालीचा आवाज जिनाभर घुमला. "या मुलांच्या हाताने कॉम्प्युटर बाटणार आहेत का? तुम्हाला ती शिकायलाच नकोत. फळ्यावरच्या कीबोर्डचीच त्यांची लायकी, असंच ना?"

मंदाकिनीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तोंड उघडलं, वैजनाथरावांकडे एकदा पाहिलं आणि मिटलं. मग किल्ली न देताच त्या बाजूला झाल्या.

शिपायाने कुलूप तोडलं.

प्रत्येक कॉम्प्युटरवर जुन्या साडीचं धुतलेलं कापड होतं. धूळ नावाला नव्हती.

"बघा सर, कसे जपलेत!" आम्रपाली म्हणाली. "मुलांपासून!"

"चालू करून दाखवा," वैजनाथराव म्हणाले. "सगळे."

तिने एकेक करत सगळे चालू केले. पडदे उजळले तशी मुलं ओरडत आत घुसली. नम्रता नावाची एक मुलगी पहिल्याच खुर्चीवर बसली आणि एका बोटाने आपलं नाव शोधू लागली. एकेक अक्षर उमटेल तशी ती मागे वळून आम्रपालीला दाखवत होती. आम्रपालीचे डोळे भरून आले. तिने मान उंचावून दाराकडे पाहिलं. मंदाकिनीबाई बाहेरच्या स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या.

"शाब्बास," वैजनाथराव आम्रपालीला म्हणाले. "तुमच्यामुळे झालं हे."

मग ते खिडकीशी गेले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

"टेम्पो गल्लीत घे. शॉर्ट सर्किटने जळाले म्हणून बाई थापा मारत होत्या, एकूण एक चालू आहे. सगळे उचलायचे आणि आपल्या बाणेरच्या इंग्लिश शाळेत उतरवायचे."