उतरवलेला पत्रा

“लाल,” सरूबाई म्हणाली.

अंगणात पत्र्यांचे नमुने मांडून बसलेल्या गोकुळनं मान वर केली. बाजेवर बसलेल्या हौसरावानंही केली. वळवाच्या वादळानं घरावरचे जुने पत्रे उचलून उसात नेऊन टाकले होते, आणि नवं छप्पर कुठल्या रंगाचं घालायचं एवढंच आज ठरायचं होतं. ते हौसराव ठरवणार होता. त्या घरात बैल कुठला घ्यायचा इथपासून कालवणात मीठ किती इथपर्यंत सगळं तोच ठरवायचा.

“हिरवा टाक गोकुळ,” तो म्हणाला. “हिचं काय ऐकतोस?”

“न्हाई. लालच पायजे.”

उभ्या संसारात या बाईनं नवऱ्यापुढं ब्र काढला नव्हता. आता काढला तो पत्र्यावरून, म्हणून हौसरावाला आधी हसूच आलं. मग कारण उमगलं, आणि हसू तिथंच जिरलं.

कारण भीमेच्या पल्याड होतं. त्यांची एकुलती एक लेक सुलक्षणा कारेगावला कंपनीत कामाला जायची. तिथल्याच एका पोराशी तिनं घरी न विचारता लग्न लावलं आणि नदीपलीकडं, दौंड तालुक्यात, त्याच्या घरी नांदायला गेली. कळलं त्याच दिवशी हौसरावानं तिच्या नावानं आंघोळ केली. सरूबाई रडरड रडली. पण आंघोळीचं पाणी तिनंच काढून दिलं.

त्याच साली पल्याड, काठावरच्या चिंचेशेजारी, एका घरावर लालभडक पत्रा चढला. ते सुलक्षणाचं घर, हे सरूबाईला बाजारात कुणीतरी हळूच कानात सांगितलं. तेव्हापासून ती रोज धुणं घेऊन काठावर जायची आणि ते छप्पर डोळे भरून बघायची. कधी कधी पलीकडं एक बाई अंगणात येऊन हात वर करायची. सरूबाई मात्र करायची नाही. काठावरच्या पाण्याच्या मोटारींवर भावकीतली माणसं असायची. एखाद्यानं घरी चुगली केली म्हणजे?

पुलावरून वडापच्या जीपनं गेलं असतं तर टोपल्यातली भाकरी गार व्हायच्या आत लेकीच्या दारात पोचता आलं असतं. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सहा वर्षं निघून गेली. पोर डोळ्यांपुढं आहे, सुखात आहे, मग अजून काय पाहिजे? बघितलं म्हणजे भेटल्यासारखंच की, अशी तिनं मनाची समजूत घालून ठेवली होती.

आता घरावरचं छप्परच उडालं, तेव्हा तिच्या मनानं घेतलं. आपणही लाल घालायचं. आपली हात वर करायची छाती झाली नाही, निदान घराला तरी करू दे. पोरीला पल्याडून दिसेल, आपली आई तिथं आहे.

“हिरवाच,” हौसराव म्हणाला. “उसात मिसळून गेलं पायजे घर. पल्याडच्यांना दिसाया नको आपण कुठं ऱ्हातो ते.”

सरूबाई आत गेली, आणि तिनं चूल पेटवली नाही. रात्रीही नाही, सकाळीही नाही. हौसरावानं शिव्या घातल्या, मडकं फोडलं, शेवटी हॉटेलातून भजी आणून खाल्ली. बाई ढिम्म.

दुसऱ्या दिवशी गोकुळनंच वाट काढली. तो केडगावचा. नदीच्या दोन्ही अंगांना पत्रे बसवायची कामं घ्यायचा. यांच्या घरातलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

“मामा, लाल घ्यायचा आसंल तर माझ्याकडं उतरवलेला माल हाय. परवाच आलाय. निम्म्या भावात देतो.”

हौसरावाचे डोळे चमकले. स्वस्तात मिळालं की त्याला कुठलाही रंग चालायचा. “बरं, टाक मग,” तो म्हणाला. “हिचं बी तोंड गप होईल.”

जिंकली. सरूबाई जन्मात पहिल्यांदा जिंकली. तिनं चूल पेटवली आणि गोकुळला वर तुपाची धार सोडून शिरा करून घातला.

आठवड्याभरात छप्पर चढलं. हौसराव दोनदा फिरून बघून गेला, माल झ्याक मिळाला म्हणाला आणि रानात निघून गेला. सरूबाई अंगणात उभी होती. वादळानंतरच्या निस्तरानिस्तरीत तिला काठावर जायला सवड मिळाली नव्हती, आणि खालून उसामुळं नदी दिसत नव्हती. गोकुळ वर शेवटचे स्क्रू आवळत होता.

“गोकुळ, वरनं नदी दिसती का रं?”

“दिसती की मामी.”

“पल्याड चिंचंपाशी एक लाल छप्पर हाय बघ. तिथनं आपलं दिसंल का?”

गोकुळ हसला. “तिथं आता हिरवं हाय मामी. मीच बसवलं. तिथलं लाल म्हंजी हेच की, तुमच्या घरावर आलंय ते.”

एक उरलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता. सरूबाईनं त्याला धरलं. पत्रा उन्हानं चटके देत होता, तरी तिनं हात काढला नाही.

“का उतरवलं तिनं?”

“मी बी त्येच म्हणलं. चांगला पत्रा हाय, गंजाचा ठिपका न्हाई, कशाला काढता?” गोकुळनं पान्हा खिशात घातला आणि शिडीवर पाय ठेवला. “तर त्या ताई म्हणल्या, आईला दिसावं म्हणून लाल घातलं हुतं. पण तिला नुसतं बघायचंच हाय.”