गुंड्याचा श्वास

"थांब, त्याच्याजवळ नेते," असं म्हणून लक्ष्मम्मांनी फोन कोपऱ्यातल्या गोधडीपाशी नेला.

पलीकडे त्यांचा मुलगा मन्मथ होता. कॅनडात तेव्हा सकाळ होती, निलंग्यात दिवेलागण. लक्ष्मम्मांनी दोन बोटांनी नाक अर्धं दाबलं, घसा आवळला आणि श्वास आत ओढला. खर्र, घुक्. खर्र, घुक्. पाच-सहा वेळा. मग ठसका यायला लागला, तसा त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"ऐकलंस का रे?"

"ऐकलं, अव्वा," तो म्हणाला. "बरा हाय."

गोधडी रिकामी होती. गुंड्याला जाऊन तीन महिने झाले होते.

गुंड्या म्हणजे बसक्या नाकाचं, सुरकुतल्या तोंडाचं, जेमतेम परातीत मावेल एवढं कुत्रं. मन्मथ लातूरला नोकरीत असताना त्यानं ते आणलं. दोन वर्षांमागं तो कॅनडाला निघाला तेव्हा विमानवाल्यांनी सांगितलं, असल्या चपट्या नाकाची कुत्री आम्ही नेत नाही, वाटेत गुदमरतात. नाकापायी गुंड्या मागं राहिला. लक्ष्मम्मांचं काही कोणी विचारलंच नव्हतं.

आधी फोन रविवारी यायचा. जेवलीस का, बरी आहेस का, ठेवतो. दोन मिनिटं.

मग दिवाळीनंतर गुंड्याला श्वास लागायला लागला. मान ताणायचा, पुढचे पाय फाकवायचा आणि उलटा शिंकल्यासारखा हवा आत ओढत राहायचा. लातूरच्या डॉक्टर मृत्युंजयांनी तपासलं. नाकपुड्या तिळाएवढ्या आहेत, आत टाळूचं कातडं लोंबतंय, आता या वयात कापाकापी नको, म्हणाले. झटका आला की गळ्यावरून हलका हात फिरवायचा, हे त्यांनीच शिकवलं. हे कळल्यापासून मन्मथचा फोन रोज यायला लागला. रोज तो म्हणायचा, त्याचा श्वास ऐकव.

शिवरात्रीच्या आधी, एका दुपारी, गुंड्या डॉक्टरांच्या टेबलावरच गेला. लक्ष्मम्मांनी त्याला टोपलीत घालून घरी आणलं, कपाळाला विभूती लावली आणि परसातल्या कडुलिंबाखाली मातीत ठेवलं. संध्याकाळी ठरल्या वेळी फोन वाजला. सांगायचं असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण एकदा सांगितलं की उद्या संध्याकाळी घंटी वाजणार नव्हती. पुन्हा रविवार. पुन्हा दोन मिनिटं.

"आज कसा हाय?" मन्मथनं विचारलं.

लहानपणी वडिलांच्या तेलाच्या घाण्याचा आवाज त्या हुबेहूब काढायच्या. इतका, की उभा बैल चालायला लागायचा आणि वडील काठी घेऊन मागं लागायचे. साठ वर्षांनी ती विद्या कामाला आली.

त्यानंतर फोन उलट लांबत गेले. कधी कधी अर्धा तास. मन्मथच्या सूचनाही वाढल्या. त्याला उन्हात काढू नकोस. कूलरमध्ये पाणी भरत जा. रात्री डोक्याखाली उंच उशी दे. डाळमिलच्या रस्त्यानं नेऊ नकोस, धूळ असते. लक्ष्मम्मा सगळं ऐकायच्या. कूलर लावायच्या, कारण फोनवर कूलरची घरघर ऐकू गेली पाहिजे. डाळमिलचा रस्ता सोडायच्या, कारण कोणी पाहिलं आणि मन्मथच्या कानावर घातलं तर? एका खोट्याला दहा टेकू लागतात.

भिंतीपलीकडच्या सरजाबाईंनी एकदा हटकलंच. "बाई, कुत्रं मेलं अन् आता तुम्हीच घोरायल्या व्हय? तेही दिवा लावायच्या टायमाला?"

"पडसं झालंय," लक्ष्मम्मा म्हणाल्या.

"तीन महिन्याचं पडसं," सरजाबाई म्हणाल्या आणि शेंगा निवडायला लागल्या.

पण आज 'बरा हाय' म्हणूनही मन्मथ तिथं थांबला नाही. म्हणाला, गुंड्याचा दम कमी वाटायलाय. पूर्वी दहा वेळा ओढायचा, आता पाच-सहाला थांबतो. उद्याच्या उद्या मृत्युंजयरावांकडं जा. मी पण त्यांच्याशी बोलतो.

लक्ष्मम्मांनी रात्रीच पिशवी भरली. तो डॉक्टरांशी बोलला की संपलं. त्याच्या आधी तिथं पोचायला हवं होतं.

सकाळी पहिल्या एसटीनं त्या लातूरला उतरल्या. स्टँडपासून दवाखाना जवळच. तरी त्या वाटेत तीनदा दुकानांच्या पायऱ्यांवर टेकल्या. एका दुकानदारानं न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला.

दवाखान्यात एक शेळी होती, मग एक मांजर. डॉक्टर त्यांना बघून नुसते हसले आणि बसा म्हणाले. सगळे जाईपर्यंत लक्ष्मम्मा बाकावर बसून राहिल्या. मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. नाक कसं दाबतात तेही सांगितलं. मन्मथचा फोन आला तर एवढंच म्हणा, तपासलं, ठीक हाय. खोट्याचं पाप माझ्या माथी. दिवाळीला तो येईल तेव्हा माझं मी सांगते.

डॉक्टरांनी नळ सोडला. ते नळाखाली हात धूत राहिले.

"साहेब, कुत्रंच न्हाई म्हटल्यावर तो रोज फोन कशापायी करंल?" लक्ष्मम्मा म्हणाल्या. "घरात दुसरा आवाजच न्हाई हो."

डॉक्टरांनी हात पुसले. अंगातला डगला काढून खुंटीला लावला, दवाखान्याचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांना उठवायला हात पुढं केला.

"गुंड्या गेला त्याच दुपारी मी मन्मथला कळवलं होतं, मावशी," ते म्हणाले. "चला, छातीच्या डॉक्टरांकडं त्यानं तुमचा नंबर लावायला सांगितलाय."