समेचे व्रत

भार्गवबुवांनी पखवाजाच्या डाव्या मुखावर ओली कणीक थापली आणि नव्या, कृत्रिम डाव्या हाताला थापेची आज्ञा दिली. समोर पत्नी शारदाबाई चौताल धरून बसल्या होत्या. त्यांची समेची टाळी वाजून गेली, आणि मग थाप पडली.

“कणीक किंचित सैल आहे. पोळ्यांची कृती सांगू का?” हाताने अदबीने विचारले.

शारदाबाईंना हसू आवरेना. “अहो, शिकून घ्या. जन्मात एक पोळी लाटली नाहीत!”

बुवांचा चेहरा मात्र उतरला. हातातली कार्यप्रणाली एकदा कायम केली की पुन्हा पालटता येत नसे, आणि निवड आजच करायची होती.

“ही प्रणाली बहुश्रुत आहे, बुवा,” हात बसवायला आलेली अभियंता नियती म्हणाली, “पण समोरची वस्तू ओळखून, जगभरच्या माहितीजालाला विचारून मगच ती हात हलवते. दुसरी अगदी चिमुकली आहे. तिला कणीक कळत नाही, पखवाजही नाही. मज्जातंतूंची आज्ञा त्याच क्षणी पाळणे, एवढेच तिचे व्रत. ती बोलणार नाही, हवामानही सांगणार नाही.”

“हवामान खिडकीतून दिसते, बाळ. ती चिमुकलीच घाल.”

नियतीने चिमुकली प्रणाली घालून कायम केली. शारदाबाईंनी पुन्हा ताल धरला. बुवांनी डोळे मिटून जोरकस बोलांची परण उचलली, आणि तिचा अखेरचा ‘धा’ टाळीशी एकरूप होऊन समेवर उतरला. अपघातानंतर प्रथमच तो गंभीर नाद घरभर घुमला.

“टाळी का थांबवलीस?” बुवांनी विचारले.

शारदाबाईंनी पदराने डोळे टिपले. “थांबते कशाला? आता दुप्पट लयीत होऊ द्या!”