जंक्शनवरचा अर्धा तास

खाकी कागदावर डोंगर काढून झाले होते. शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायला जो जाड कागद लागतो, त्याचाच एक ताव मास्तरीणबाईंनी घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला होता. कोपरे वळू नयेत म्हणून चारी बाजूंना कप पालथे घातले होते. निळ्या खडूची रेघ घरापासून निघाली, डोंगर चढली आणि मोठ्या तळ्यापाशी येऊन थबकली. पुढची दोन शहरं अजून यायची होती.

"मास्तरीणबाई, हात चालवा," समोरून नवरा म्हणाला. "तळ्याकाठीच बसून राहिलात तर उन्हाळा संपायचा."

कारखान्यात कात्री बाईंच्या हाती, म्हणून पोरी त्यांना मास्तरीणबाई म्हणत. घरात नवराही थट्टेने तेच म्हणे. त्याला सगळा रस्ता घड्याळजी म्हणायचा. आज रविवार, तरी त्याच्या डोळ्याला भिंग होतं आणि पुढ्यात कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं.

"बसू द्या हो. अठ्ठावीस वर्षं त्या तळ्याची वाट बघतेय. पाहायचं तर दोघांनी मिळून, नाहीतर कुणीच नाही, हे तुमचेच शब्द. आणि मिळून निघायला सवड म्हणून नाही. आधी तुमचं दुकान, मग लेकीची शाळा, आता माझे गुडघे."

"आहेत तोवर त्यांनाही दाखवून आणू."

बाई हसल्या. त्यांनी वेळापत्रकाचं पुस्तक जवळ ओढलं. तळ्याच्या अलीकडे एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. पहिली गाडी दहाला पोचायची. पुढची दहा वाजून दहा मिनिटांनी, त्याच्या मागची साडेदहाला. बाईंनी साडेदहा लिहिले. शिवणीला कापड सोडावं तसा प्रत्येक बदलाला त्या थोडा वेळ सोडून ठेवत, आणि सोडलेलं प्रत्येक मिनिट घड्याळजी छाटायला बसत.

"अर्धा तास काय करायचं तिथे? माशा मारायच्या? दहा-दहाची धर."

"दहा मिनिटांत? सामान, जिना, पूल, आणि मी ही अशी!"

"जिना कुठला आलाय तिथे! उतरलीस की नुसती पाठ वळव. समोरच्याच फलाटावर उभी असते. वीस पावलं नाहीत. आणि चढलीस की डावीकडची खिडकी पकड. बोगदा संपतो ना, तसं तळं एकदम अंगावरच येतं."

बाईंचा खडू थांबला. त्यांनी पुस्तकाच्या त्या पानावरून बोट फिरवलं. तास होते, मिनिटं होती. फलाट नव्हता, बोगदा नव्हता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"असेल की पुस्तकात."

"पुस्तकात नुसते आकडे आहेत."

"मग गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी..." घड्याळजींच्या चिमट्यातून केसाएवढा स्क्रू निसटला. तो कुठे गेला ते त्यांनी वाकून पाहिलं नाही.

"अहो," बाई म्हणाल्या, "कधी गेला होतात?"

घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं. उघड्या डोळ्यांनी ते एकदम म्हातारे दिसले.

"तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात. तू महिनाभर तिकडे होतीस. एका सकाळी दुकान उघडायला म्हणून निघालो आणि पाय स्टेशनकडे वळले. चारच दिवस गं."

"मी रोज दुपारी तुमच्या मोबाइलवर फोन करायचे. काम तुंबलंय म्हणायचात."

"म्हणायचो."

"आमच्या कारखान्याची सहल तळ्यावर गेली, तेव्हा मी ताप आल्याचं सोंग केलं. पोरी काय काय बोलल्या! पुढच्या खेपेला नवऱ्याला पिशवीत घालून आणा म्हणे. बोलू दे म्हटलं. घरी बसून तुमच्या शर्टांची बटणं लावली मी त्या दिवशी."

घड्याळजी उघड्या घड्याळाचं झाकण बोटाने फिरवत राहिले. बाईंनी खडू खाली ठेवला. बोटांची निळी भुकटी पदराला पुसली.

"बरोबर कोण होतं?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्यापाशी होतं. ते जवळजवळ उभेच राहिले.

"कुणी नव्हतं! देवाशप्पथ सांगतो. भलतंसलतं मनात आणू नकोस. मी काय तसला माणूस आहे?" त्यांचा आवाज मोकळा झाला. "एकटा होतो. अगदी एकटा. काठावर एक बाक आहे, त्यावर दिवसच्या दिवस बसून राहिलो. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. कुणी हाक मारायला नाही, कुणी काही विचारायला नाही. खरं सांगू, आयुष्यात इतकं बरं मला कधी..."

ते थांबले. पण शब्द थांबले तरी चेहरा थांबला नव्हता. तो अजून तिकडेच होता, पाण्यापाशी. असा निवांत चेहरा बाईंनी या घरात एकदाही पाहिला नव्हता.

 त्या खुर्ची ओढून नवऱ्याजवळ बसल्या आणि आजाऱ्याशी बोलावं इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, कुणीतरी होती म्हणा ना. तिच्या नावाने बोटं मोडून मोकळी होईन मी."