वल्ह्यावरचं नाव

वल्हवण्याच्या वर्गातली वल्ही सगळी सारखीच, त्यामुळे रोज अदलाबदल व्हायची. वैतागून कोचबाईंनी बजावलं, “उद्या सगळ्यांनी आपापल्या वल्ह्यावर रंगानं नाव काढून आणा.” पेंटरकाका आपलं वल्हं घेऊन घरी निघाले. उभं आयुष्य त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं. पण पक्षाघाताचा झटका आल्यापासून अक्षरं त्यांना ओळखच देत नव्हती. वल्हवायलाही डॉक्टरांनीच पाठवलं होतं, हात चालावा म्हणून. घरी बायको म्हणाली, “द्या इकडे, मी लिहिते.” काका ऐकेनात; ब्रश घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचं वल्हं पाहून एकजण फिस्सकन हसला. त्यावर अक्षर एकही नव्हतं, इवलीशी निळी होडी होती. “काका, नाव काढायचं होतं. तुम्ही तर नाव काढलीत.” काकांनी मान खाली घातली. कोचबाईंनी वल्हं उजेडात धरलं. होडीची रेघ कुठेही थरथरली नव्हती. त्या हळूच म्हणाल्या, “काका, नाव काढलंत.”